रिबेकाचं वेगळं टेबल

अल कुसैस, दुबई
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. सुमेधाआत्या,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाबांची शुगर आटोक्यात आहे. तुझ्या कादंबरीला पुरस्कार मिळाल्याचं कळलं, अभिनंदन. परवा संक्रांत. गोड बोलायचं बंधन सुरू व्हायच्या आत हे पत्र पुरं करते. फोन केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य संपू देत नाहीस.

तुझी मेल मिळाली. इंग्रजी आवृत्तीच्या सुरुवातीला मी पानभर लिहावं, असं तू म्हणतेस. की मी शाळेत न जाता घरीच आईकडे शिकले, अशाच बंद, धार्मिक घरात वाढले, आणि अमेरिकेतल्या त्या वीज-मोटार नाकारणाऱ्या अमिश लोकांचं तुझं चित्र मला शंभर टक्के खरं वाटतं. ‘तुझी सही असली की ऑथेंटिक वाटेल गं.’ दहावीपर्यंत मी घरी शिकले हे खरं. पण मी कधी घोडागाडीत बसलेले नाही, आणि आमच्या घरात वायफाय आहे.

सही करायची तर आधी तपासायला हवं. आईने मला पहिल्यापासून तेच शिकवलं, माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. म्हणून कादंबरी पुन्हा वाचली, शिवाय त्या समाजात वाढलेल्या एका बाईच्या आठवणी मागवून वाचल्या. तू म्हणशील, झालं हिचं सुरू.

तुझी रिबेका प्रवासाला निघते तेव्हा पेनसिल्व्हेनियातली तिची आई तिच्या हातावर दही ठेवते. तिसऱ्या प्रकरणात रिबेका चार दिवस लोणच्याच्या बरणीला शिवत नाही. तिचा बाप तिच्या आईला नावाने हाक न मारता ‘ऐकलंस का’ म्हणतो. वाचकांनी तुला कळवलंय, ‘अगदी आपल्यासारखेच आहेत हो ते!’ असणारच. ते आपणच आहोत. एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

पण तुझं ते गाजलेलं प्रकरण. सतरा वर्षांची रिबेका परक्या मुलावर प्रेम करते आणि बाप तिचं ताट वेगळ्या टेबलावर मांडतो. घरात राहायचं, जेवायचं, पण एकटीने. याच पानांवर लोक रडतात, आणि नेमकं हेच चूक आहे. त्यांच्यात बाप्तिस्मा, म्हणजे पंथात येण्याची शपथ, मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने घेतात. वेगळं बसवतात ते शपथ घेऊन मोडणाऱ्याला. रिबेकाने तर अजून शपथच घेतलेली नव्हती.

शुभ्राताईनेही घेतलेली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तू आमच्याकडे दोन महिने राहून हे पुस्तक लिहीत होतीस. एकदा जेवताना ताईने सांगितलं की ती नीरवशी लग्न करणार आहे आणि त्याचा आधी एक घटस्फोट झालाय. बाबा ओरडले, “खलास! चालती हो इथून!” आई रडायला लागली. तेव्हा तू आमटी वाढून घेत म्हणालीस, “अरे राजन, घराबाहेर कशाला काढतोस पोरीला? मी ज्यांच्यावर लिहितेय ना, ते लोक बघ. मारणं नाही, ओरडणं नाही. नुसतं वेगळं टेबल. किती सिव्हिलाइज्ड!”

“म्हणजे कसं?” बाबांनी विचारलं, आणि तू समजावून सांगितलंस. कोण कुठे बसतं, कोणाच्या हातून काय घ्यायचं नाही, सगळं.

“आत्या, मी इथेच बसलेय गं,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझं अभ्यासाचं फोल्डिंग टेबल फ्रिजशेजारी उघडलं. तू बाबांच्या बाजूला बसून जेवलीस आणि ताईकडे बघत राहिलीस. मला वाटलं, तुला वाईट वाटतंय. पुस्तक आल्यावर कळलं. चावण्याचा आवाज होऊ नये म्हणून ती पोळी आमटीत भिजवून खायची. तुझी रिबेका ब्रेड सूपमध्ये भिजवते. तेवढं मात्र खरं उतरलंय.

ताई आता जबल अलीजवळ राहते. रविवारी आईसाठी येते, नीरव खाली गाडीत थांबतो. तिला सातवा महिना आहे. टेबल अजून फ्रिजशेजारीच आहे. आईने डोहाळजेवणाचं काढलं, तर बाबा म्हणाले, “सुमेधाचं पुस्तक वाच. शेवटी मुलगी गुडघे टेकते, मग बाप उठून तिच्यासाठी खुर्ची ओढतो. मी कुठे नाही म्हणतोय?”

ते तुझ्या शेवटच्या पानाची वाट बघतायत, आत्या.

आज मी माझं ताट उचललं आणि ताईसमोर जाऊन बसले. तिथे दोन ताटं मावत नाहीत, वाटी मांडीवर घ्यावी लागली.

“वैभवी, हे काय नाटक?” बाबा म्हणाले.

मांडीवरची वाटी सावरत मी भात कालवायला लागले.

“भात सांडतेयस, वेडे,” ताई म्हणाली आणि हसली. आईने पहिल्यांदा आमच्या टेबलावर येऊन वाढलं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. वापरू नकोस.

सही मी देणार नाही. मागच्या कव्हरवर ‘अशाच एका घरात राहून लिहिलेली’ असं छापलंय, तेही काढ. नाहीतर हे पत्र जसंच्या तसं तुझ्या प्रकाशकाला पाठवीन. आपण अन्याय तर करत नाही ना, या भीतीने हे पुन्हापुन्हा लिहून काढलं. दर वेळी पत्र लहान झालं, राग तेवढाच राहिला.

पुढच्या महिन्यात करामाला तुझा सत्कार आहे, म्हणजे तू आमच्याकडेच उतरशील. ये. तुला कोणी अडवणार नाही. बाबांच्या बाजूची खुर्ची तुझीच आहे. आम्ही दोघी फ्रिजशेजारी असू. तिथे तुला जागा नाही.

शुभ्राताईची बहीण,
वैभवी