डाव्या चाकाचे सहा नट

तीर्थरूप दादा यांस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आजवर हा शब्द मी नुसता सवयीने लिहीत आले. पण गेल्या मंगळवारी भर रस्त्यात ट्रकखाली जॅक लावताना माझी आठही अंगं खरोखर जमिनीला टेकली, तेव्हा यावेळचा नमस्कार अस्सल आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. ह्यांचं छापखान्यातलं काम नेहमीसारखं चालू आहे. सासूबाईंची तब्येत तर इतकी झकास आहे की त्यांच्याकडे बघून आम्हा दोघांनाच डॉक्टरकडे जाऊन यावंसं वाटतं.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती! मंगळवारचा तमाशा म्हणे तुझ्या कानावर आला. ट्रक नुसता हाकता आला म्हणजे झालं नाही, चाक स्वतःच्या हाताने उतरवता-चढवता यायला हवं, ते तुला येत नाही, सबब दहा तारखेला गिऱ्हाईक घेऊन येतोय, चावी काढून ठेव. बाकी मजकूर गुडघ्याबद्दल. दादा, ट्रक तुझा, कागद तुझ्या नावावर, तू तुझा धंदा आवरलास तेव्हा तो मला नुसता वापरायला दिलास, सगळं कबूल. पण दहा वर्षं मी कापडाच्या दुकानात दुसऱ्यांनी उलगडलेल्या कापडांच्या घड्या घातल्या आणि आता सहा महिने त्या उंच सीटवर बसतेय. तिथून रस्ता केवढा लांबवर दिसतो ते तुला मी काय सांगू! ती सीट जाणार म्हटल्यावर दोन दिवस मला घास गोड लागला नाही. म्हणून तुझ्याकडे ज्या कुणी चहाडी केली त्याने गाळलेला भाग मी आता सांगते. पूर्ण वाच. मध्येच वहिनीला हाक मारून वाचून दाखवत बसू नकोस, कारण पुढे तुझ्याच अंगाशी येणारा मजकूर आहे.

मंगळवारी आम्ही आरसे घेऊन निघालो होतो. काचवाल्याचे चाळीस आरसे, प्रत्येक पुरुषभर उंचीचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून उभे बांधलेले. ते चार वाजायच्या आत नाचाच्या शाळेत पोचवायचे होते. वेळेवर आणि एकही तडा न जाता पोचले, तर दर आठवड्याचं काम माझं, असं काचवाल्याने सांगितलं होतं. (नाही पोचले तर काय, ते त्याने सांगितलं नाही, पण मिशीवरून हात फिरवला.) सासूबाई सोबत होत्याच. त्यांना मी बोलावत नाही, मी निघाले की त्या आधीच सीटवर बसलेल्या असतात, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. निम्म्या वाटेवर, नेमक्या गजबजलेल्या कोपऱ्यावर, पुढचं डावं चाक फुस्स झालं. मी घाबरले नाही, हे लिहून ठेव. गाडी कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, स्टेपनी उतरवली, जॅक काढला आणि तू शिकवलंस तसं, गाडी उचलण्याआधी नट सैल करायला बसले. पाना लावला, त्यात टॉमी घातली (वहिनीसाठी लिहिते: टॉमी म्हणजे पान्यात अडकवायचा लांब लोखंडी दांडा, कुत्रा नव्हे) आणि जोर केला. नट हलेना. दोन्ही हातांनी केला. पायाने केला. तुझं नाव घेऊन केला. सहाच्या सहा नट जागचे हलायला तयार नाहीत!

आता रस्त्याच्या कडेला बाईमाणूस पाना घेऊन बसलेली दिसली की जगातल्या सगळ्या पुरुषांना एकदम वेळ मिळतो, हे तुला ठाऊकच आहे. पहिले आले ते समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर, हातात रबरी मोजे तसेच. त्यांनी आपल्या मोटारीतला चकचकीत पाना आणून दिला. तो आमच्या नटावर टोपीसारखा नुसता टेकला. मागोमाग एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी कशालाही हात लावला नाही, पण सूचना इतक्या दिल्या की त्यांच्या घशाला कोरड पडली आणि सासूबाईंची बाटली निम्मी झाली. आणि मग आला व्यायामशाळेचा मास्तर. दादा, काय ते दंड! त्याने मला हळूच बाजूला केलं, टॉमी धरली आणि समोर बघतो तर काय, आरसा! झालं. माणूस नटावर जोर करायचा विसरलाच. एकदा उजवा दंड फुगवला, एकदा डावा, मान वळवून पाठ कशी दिसते तेही बघितलं. हेडमास्तरांनी दोनदा खाकरल्यावर तो भानावर आला. मग त्याने जो जोर लावला, तो लावला. कडाड्‌ असा आवाज झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नट बोल्टाच्या अर्ध्या तुकड्यासकट त्याच्या हातात आला. बोल्टच मोडला होता. मास्तर नटाकडे बघतोय, मी मास्तरकडे बघतेय आणि त्या बाजूच्या आरशाआरशांत एकेक मास्तर ओशाळलाय. घड्याळात पावणेतीन झाले होते.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की जोरच कमी पडतोय. टॉमीला पुढे पाण्याच्या नळाचा पाइप जोडला, त्याच्या टोकावर मास्तर चढला, मास्तरला आधार म्हणून डॉक्टर लटकले, आणि हेडमास्तरांनी एक-दोन-तीन मोजलं. या खेपेला बोल्ट मोडला नाही, नटाच्या कडाच झिजून गोल झाल्या, आणि दोघे माझ्या स्टेपनीवर जाऊन बसले. मी तर कपाळाला हात लावला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि ते आरशाआरशांत दिसलं असतं म्हणून मी रडले नाही, हे तुला खरं सांगते.

आणि मग मला आठवलं. एकदम, वीज चमकावी तसं! आपल्या या जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. उजवीकडचे नट डावीकडे फिरवून सुटतात, आणि डावीकडचे उजवीकडे फिरवून. तू मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. सांगितलं होतंस एवढंच नाही, मी विसरणार हे ओळखून चाकावर पांढऱ्या रंगाने बाणही काढून दिला होतास. (तो बाण कुठे गेला, असं तू विचारशील. तर गेल्या महिन्यात मी चारही चाकांना छान निळा रंग दिला. दोन हात. बाणावर जरा रंग बसत नव्हता म्हणून तिथे तीन.) म्हणजे दादा, पाऊण तास एक बाई, एक डॉक्टर, एक पैलवान आणि एक हेडमास्तर मिळून नट सोडवत नव्हतो, आवळत होतो! जितका जोर, तितके घट्ट! मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की मी फुटपाथवर बसकण मारली. मग डॉक्टर हसायला लागले, मग मास्तर. हेडमास्तर म्हणाले की आपल्याला आधीपासून शंका होतीच.

मग मी उठले, पाना लावला आणि टॉमी उलट्या बाजूने, म्हणजे बरोबर बाजूने, दाबली. माझ्या वजनाने भागेना, तेव्हा टॉमीवर उभी राहिले. कर्र झालं आणि पहिला नट सुटला! दादा, तो आवाज कानात साठवून ठेवावा असा होता. चार नट असे मी सोडवले, एकटीने. गोल झालेल्या पाचव्यावर मी जरा लहान पाना हातोडीने ठोकून बसवला, आणि तो कसा हलवायचा ते डॉक्टरांनी सांगितलं: एकदम ओढायचं नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे, दाढ काढताना करतात तसं. आणि खरंच तो तसाच निघाला. गर्दीतल्या एका मुलीने सहज आपला गाल धरला. सहावा तर मास्तरने आधीच काढला होता.

आता तुझ्या अंगाशी येणारा मजकूर. गाडी जॅकवर उचलली, नट पुरते काढले आणि त्या चारांतला एक हातात घेऊन बघते, तर त्याचे आटे पार खाल्लेले, आणि तो ढिला बसू नये म्हणून आत पत्र्याची एक पट्टी गुंडाळून कोंबलेली. पट्टीवर गुलाबी फुलं. ती फुलं मी ओळखली. वहिनीचा पावडरचा डबा हरवला म्हणून तीन वर्षांपूर्वी तुमच्या घरी जो शोध चालला होता, त्यात कपाटाखाली शिरणाऱ्यांत मीही होते! मला चाकाबद्दल व्याख्यान देणारा माझा भाऊ पावडरच्या डब्यावर चाक चालवत होता. मी ती पट्टी जपून ठेवली आहे. वहिनीला अजून काही बोललेले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. तो खाल्लेला नट फेकला, त्याच्या जागी स्टेपनी टांगायच्या कंसावरचा चांगला, उलट्या आट्यांचा नट लावला. पाच नटांवर, समोरासमोरचे आळीपाळीने आवळत, चाक बसवलं आणि बैलगाडीच्या वेगाने गाडी नेली. चारला सात मिनिटं कमी असताना नाचाच्या शाळेच्या दारात उभी होते. चाळीसच्या चाळीस आरसे धड. काचवाल्याने मिशीवरून हात फिरवला, पण या वेळी वरच्या दिशेने. काम माझं झालं. दुसऱ्या दिवशी नवा बोल्ट बसवून घेतला, तोही मी गॅरेजात उभी राहून, आटे तपासून. आणि रविवारी डॉक्टर त्यांची मोटार घेऊन दारात! त्या दिवशी त्यांना शंका आली म्हणून घरी स्वतःचा पाना स्वतःच्या नटांना लावून बघितला, तर तोही बसेना. मोटारीचे ते देखणे नट म्हणजे आत लोखंड आणि वर पातळ चकचकीत टोपी. आत गंज चढला की टोपी फुगते, आणि पाना अडतो. सोळाच्या सोळा मी काढून दिले आणि एकसंध लोखंडाचे बसवायला लावले. आता गल्लीतले लोक सकाळी मला थांबवून आपापली चाकं दाखवतात. कुणी एवढ्या आपुलकीने जीभसुद्धा दाखवत नाही.

तेव्हा चाक उतरवता येत नाही, हे तू कुठल्या तोंडाने म्हणतोस? वहिनीला नमस्कार, भाच्यांना भरपूर पापे.

तुझी धाकटी

ता. क. डाव्या बाजूचे बारा आणि उजव्या बाजूचे बारा नट, बोल्टांसकट, तुझ्या ओळखीच्या दुकानातून घेऊन ठेव. दोन वेगळ्या पिशव्यांत. नवेकोरे. फुलांचे नकोत.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे एवढं सगळं ज्याच्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. दहा तारखेला तू ये, नक्की ये, पण गिऱ्हाईक आणू नकोस. ट्रक माझ्याकडेच राहू दे, दादा. यात चेष्टा नाही.

ता. क. तिसरा, धाकटीच्या सासूकडून. पत्र पोस्टात टाकायला माझ्या हातात दिलं, आणि पाकीट चिकटलेलं नव्हतं. (वाफेवर धरल्यावर नव्हतं.) तुमच्या बहिणीला वीज-बीज काही चमकली नाही. आटे उलटे असतील हे मी सांगितलं. टेबलफॅनच्या पात्याचा नट असाच उलटा फिरतो, चाळीस वर्षं मी तो पुसतेय. पण मी ते पाऊण तास आधीही दोनदा बोलले होते, आणि ऐकलं फक्त तिनेच, तेही तिसऱ्या वेळी. बाकीचे अजून हेडमास्तरांचं ऐकत होते. आणि एक गोष्ट तिने लिहिलीच नाही. चाक बसवून निघाल्यावर काही अंतर गेल्यावर तिने गाडी पुन्हा थांबवली, खाली उतरली आणि एकूणएक नट परत आवळून पाहिला. चार वाजत आले होते, मी ओरडत होते, काम जाईल म्हणत होते. ती म्हणाली, काम गेलं तर गेलं, गाडीत तुम्ही बसलाय. माझ्या पोटच्या पोराने मला असं कधी म्हटलं नाही. तेव्हा गिऱ्हाईक आणू नका. आणि आणणारच असाल, तर माझ्यासाठी एक दुसरा ट्रक बघून ठेवा, जरा लहान चालेल. काल मी शिकाऊ लायसन्स काढलं आहे. सूनबाईला सांगू नका, तिला वाटतंय मी पोस्टात गेले होते.