गाडी झालीच समजा

९ जानेवारी

कै. सासऱ्यांची गाडी आज आमच्या अंगणात आली. आली म्हणजे टेम्पोला दोर बांधून ओढत आणली. मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल, असं तो म्हणाला. आपण काय गमावतोय याची बिचाऱ्याला कल्पना नाही. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

सासूबाई (मुक्काम आमच्याकडे, आता कायमचा) काठी टेकत बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, पाच एप्रिलला मला ऐंशी पूर्ण होतात, त्या दिवशी हिच्यात बसवून एकदा तळ्यापर्यंत नेऊन आणा, मला दुसरं काही नको. तळं आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. पण गुडघ्यांमुळे त्यांना तेवढंही चालवत नाही.

मी म्हटलं, तळं काय घेऊन बसलात, समुद्रापर्यंत टूर काढू. त्या म्हणाल्या, तळ्यापर्यंतच न्या.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहा ते नऊ गाडीचं काम. रिटायर झाल्यापासून माणसाला असं काहीतरी हवंच असतं.

१० जानेवारी, सकाळी साडेनऊ

आत्ता उठलो. पहिल्या दिवशी माणूस फ्रेश असलेला बरा.

१२ जानेवारी

मेकॅनिक मिळाला. जुन्या गाड्यांमधला माणूस. काहीही करायच्या आधी तो बॉनेटला कान लावून ऐकतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने प्लग पुसले, टाकीत पेट्रोल ओतलं, कुठून तरी सहा व्होल्टची बॅटरी पैदा केली आणि पुढून हँडल मारलं. गाडी चक्क सुरू झाली. खोकली, अंगणभर धूर केला, पण सुरू झाली. सासूबाई चपला न घालताच बाहेर आल्या.

ही म्हणाली, अहो, आत्ताच आईला एक चक्कर मारून आणा की. डॉक्टर म्हणाला, ब्रेक बघून देतो, संध्याकाळी जाऊन या.

मी साफ नकार दिला. असल्या खोकणाऱ्या गाडीतून ऐंशीच्या बाईंना न्यायचं म्हणजे काय? मी गाडी चालू करायला बसलेलो नाही, रिस्टोअर करायला बसलोय. दोन्हींतला फरक या घरात कुणाला कळेल तर शपथ. डॉक्टरला सांगितलं, पूर्ण इंजिन खोला, सगळं ओरिजिनल झालं पाहिजे. नक्की ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नक्की म्हटलं.

सासूबाई तशाच आत गेल्या. थंडी वाजली असावी.

२१ जानेवारी

बॉयलर सूट शिवून आला. निळा, पाना ठेवायला वेगळा खिसा. हिने विचारलं, कोणत्या वॉर्डात भरती होताय? दुर्लक्ष केलं. खिशात पाना ठेवून वाकलो तर तो पोटात टोचतो. पाना हातात धरणे.

इंजिन निघालं. काही भाग डॉक्टरकडे, काही लेथवाल्याकडे. किती दिवस लागतील असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाला, झालंच समजा. मला अशी पॉझिटिव्ह माणसं आवडतात.

३ फेब्रुवारी

महत्त्वाचा शोध. गाडीचा निळा रंग ओरिजिनल नाही. दाराच्या कडेला घासून पाहिलं, खाली काळपट लाल निघाला. कंपनीचा अस्सल रंग. अंगावर काटा आला.

सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, निळा यांनीच लावला होता, घरच्या खिडक्यांचा उरलेला, ब्रशने. मी समजावलं की ती चूकच होती आणि आता आपण ती सुधारतोय. त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणायचं.

१० फेब्रुवारी

लाल रंग मारून झाला. शेजारच्यांनी विचारलं, फायर ब्रिगेडमध्ये लागलात का? लोकांना व्हिंटेजमधलं ओ की ठो कळत नाही.

१८ फेब्रुवारी

पुढची सीट काढून मागच्या व्हरांड्यात टाकली. जुनी सलग बाकासारखी सीट, एका बाजूला खोल खळगा, स्प्रिंगा बोलतात. तिच्या जागी दोन नव्या स्पोर्ट्स सीट. कमरेला आधार, मानेला आधार. इथे ओरिजिनलचा हट्ट धरला नाही. कम्फर्टच्या बाबतीत मी लवचीक आहे.

सासूबाईंना बसवून ट्रायल घेतली. त्यांचे पाय टेकत नाहीत. पायाखाली पाट देता येईल, असं सुचवलं. त्या हळूहळू उतरल्या आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन जुन्या सीटवर बसल्या, बरोब्बर त्या खळग्यात. तिथेच पेपर वाचला. आता रोज दुपारी तिथेच असतात. त्यामुळे माझी वामकुक्षीची जागा गेली.

२ मार्च

लेथवाला गावाला गेलाय. डॉक्टर म्हणाला, आला की झालंच समजा.

मेहुण्याचा फोन. वाढदिवसाला येतोय. इंजिन बसलं का, असं खवचटपणे विचारलं. मी म्हटलं, फिनिशिंग चालू आहे. हे खोटं नाही. इंजिन सोडून सगळीकडे फिनिशिंगच चालू आहे.

९ मार्च

आज मोठं अपग्रेड. रिव्हर्स कॅमेरा. पुढे डॅशबोर्डवर स्क्रीन. मागचं सगळं स्वच्छ दिसतं, तुळशीचं रोपसुद्धा. ही येऊन बघून गेली आणि म्हणाली, मागचं दिसतंय ते ठीक, पण पुढे इंजिनाच्या जागी मांजर बसलंय. मांजर हाकललं.

कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. म्हणून बारा व्होल्टची बॅटरी जोडली. मग हेडलाइट लावून पाहिले. असा उजेड पडला की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. मग दिवे विझले. कायमचे. ते सहा व्होल्टचे होते हे डॉक्टरने मला आधी सांगायला हवं होतं. तो म्हणतो, सांगितलं होतं. असेल. त्या वेळी मी स्क्रीनकडे बघत होतो.

तरी काही बिघडत नाही. टूर दिवसाचीच आहे.

२० मार्च

सासऱ्यांचा रबरी भोंपू काढून तीन सुरांचा हॉर्न बसवला. दाबून दाखवला तर सासूबाईंच्या हातातली कपबशी पडली. भोंपू भंगाराच्या खोक्यात टाकला होता, संध्याकाळी तिथे नव्हता. चोरी म्हणावी तर बाकी सगळं जागेवर.

२९ मार्च

लेथवाला आला. त्याने एक भाग बनवला, तो बसेना. दुसरा बनवतोय. मी डॉक्टरला जरा आवाज चढवूनच विचारलं, पाच तारखेला गाडी चालेल की नाही? पहिल्यांदाच त्याने ‘झालंच समजा’ म्हटलं नाही. मग म्हणाला, साहेब, त्या दिवशी चालत होती की.

हे त्याने बोलायला नको होतं.

जेवण गेलं नाही. हिने ताट नुसतं झाकून ठेवलं. तिने बोललेलं परवडलं असतं.

४ एप्रिल

इंजिन आलं नाही. संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीपर्यंत तीनदा जाऊन आलो. चौथ्यांदा त्यांनीच हाक मारली. मी म्हटलं, लेथवाल्यामुळे जरा घोडं अडलंय, उद्या मेहुण्याच्या गाडीतून तळ्याला जाऊ, एसी आहे. त्या म्हणाल्या, त्याच्या गाडीतून कधीही जाता येईल. मग दिवा घालवायला सांगितला.

खोलीत नवी साडी काढून ठेवली होती. इस्त्री करून.

मला फार वाईट वाटलं. याचं खापर लेथवाल्यावर फोडून पाहिलं, आज ते फुटेना.

५ एप्रिल, रात्री नऊ

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी उठून बघतो तर अंगणात ही आणि डॉक्टर. माझ्या स्पोर्ट्स सीट बाहेर, जुनी सीट आत. मला विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला, ब्रेक आणि स्टिअरिंग चोख आहे, बाकी तुम्ही आहातच. स्टिअरिंगवर ही बसली. हिने म्हणे लहानपणी याच गाडीवर हात साफ केलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे आज कळलं.

सासूबाई नवी साडी नेसून आल्या, त्यांच्या खळग्यात बसल्या आणि पिशवीतून रबरी भोंपू काढला. चोरी उघडकीला आली. मी आत बसायला गेलो, तेव्हा ही म्हणाली, अहो, तुम्ही मागे.

मागून मी, मेहुणा आणि डॉक्टर. बॉयलर सूट प्रथमच उपयोगी पडला. रस्ताभर लोक बाहेर येऊन बघत होते आणि सासूबाई भोंपू वाजवून त्यांना बाजूला करत होत्या. जाताना उतार होता. येताना नव्हता.

तळ्यावर दरवाजा उघडला तर सासूबाईंचे डोळे भरलेले. मी माफी मागायला सुरुवात केली. म्हटलं, इंजिन असतं तर. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, इंजिन होतं तेव्हाही ही अशीच यायची. दर रविवारी निम्म्या वाटेत बंद पडायची. मग हे मागून ढकलायचे, स्टिअरिंग पोरीच्या हातात आणि मी पुढे बसून भोंपू वाजवायचे. रंग तुम्ही घालवलात, दिवे घालवलेत, पण आज कशी अगदी ओरिजिनल वाटली.

मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, कॅमेरा तेवढा बरा बसवलात. हे मागे काय काय बोलायचे ते नुसतं ऐकू यायचं, चेहरा कधी बघायला मिळाला नाही. आज तुमचा बघितला.

म्हणजे संपूर्ण रस्ताभर मी स्क्रीनवर होतो. मी काय काय बोललो ते आठवून पाहिलं. लिहीत नाही.

मला भरून आलं. थोडं दम लागल्यामुळेही असेल.

१२ एप्रिल

इंजिन बसलं. डॉक्टरने स्टार्टर दाबला आणि गाडी शिवणयंत्रासारखी सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. शेवटी माझीच पद्धत बरोबर ठरली, हे मी सगळ्यांना नम्रपणे सांगितलं.

बॉयलर सूट चढवला, रुबाबात दार उघडलं आणि सासूबाईंना म्हटलं, चला, आता खरी टूर. त्या येऊन बसल्या. कान देऊन ऐकलं. छान झालंय, म्हणाल्या, आता बंद करा, या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही.

ही स्टिअरिंगवर जाऊन बसली. मेहुणा गावी परतलाय. डॉक्टरला अचानक दुसरा पेशंट आठवला.

मी मागे गेलो.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहाला उठून व्यायाम.