‘हाय’ तसंच ठेवलं

औसा, मंगळवार, संध्याकाळ

आज लातूरला वेबसाइट करणाऱ्यांच्या ऑफिसात भांडायलाच गेलो होतो. माझ्या कारखान्यातल्या मशीनला मी ‘चारा कर्तन यंत्र’ असं नाव लिहून दिलं होतं. दहावीनंतर सगळं स्वतःच शिकलो, मशीन बनवणंही आणि शुद्ध मराठीही. आणि तिथली अनुजा म्हणते, “काका, शब्द छान आहे, पण गिऱ्हाईक मोबाइलवर हे शोधेल का?”

“न शोधायला काय झालं?”

तिनं वाद घातला नाही. माझ्याकडूनच नंबर घेऊन रेणापूरच्या जुन्या गिऱ्हाइकाला स्पीकरवर फोन लावला. “दादा, चारा कर्तन यंत्र घ्यायचं का?”

“न्हाई बाई, तसलं काय नको. आमच्याकडं औशाच्या मामाची कुट्टी मशीन हाय. लई भारी हाय.”

औशाचा मामा म्हणजे मीच! ऑफिसभर हशा. मीही हसलो, पण कान तापले होते. माझीच मशीन माझ्याच माणसांना सापडली नसती. मला कसं सुचलं नाही हे?

उद्या वेबसाइट चालू होणार. वर मोठ्या अक्षरांत ‘कुट्टी मशीन’, खाली त्या रेणापूरच्या गिऱ्हाइकाला विचारून त्याचंच वाक्य. कागदावर ‘हाय’चं ‘आहे’ करायला मी पेन काढलंच होतं. अनुजानं नुसतं त्या फोनकडं बोट दाखवलं. मी पेन खिशात ठेवलं.

पोरीनं माझी चूक दाखवली, पण एका शब्दानंही मला कमी लेखलं नाही. हे तिला बोललो का? नाही. उद्या पेढे घेऊन जातो आणि सांगतो, बाई, तुझं काम लई भारी हाय.