ओल्या फडक्यावरचा दगड

माय, परवा मी तुझ्या जागेवर बसून आले. अमरावतीला एका लग्नाला गेले होते. अक्षता पडल्या, सगळे जेवायला वळले, आणि मी मात्र रिक्षा करून भाजीबाजारात उतरले. कशासाठी, ते रिक्षात बसेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तुझं कडुलिंबाचं झाड आता नाही, पण बुंधा आहे, आणि बुंध्याला टेकून अजून तुझ्या शेजारची मावशी बसते. तुझ्या जागेवर तिची नात बसते. "काकू, जरा बसता का? डबा घासून येतो," म्हणून ती उठली आणि मी रेशमी साडीनं तुझ्या तरटावर बसले. तुला पत्र लिहिते आहे हे ऐकून तू हसली असतीस. तुला अक्षरओळख नव्हती, एसटीची गाडीसुद्धा तू आत बसलेली माणसं पाहून ओळखायचीस. आणि हे कुणी तुला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असतीस, "काय व, मास्तरणीवानी काहून बोलून राह्यली? सिद्धं सांग ना, काय झालं ते." सरळ सांगायचं तेच तर मला छत्तीस वर्षं जमलेलं नाही.

बाजारातल्या लोकांना वाटायचं, तुम्ही दोघी सख्ख्या जावा असाल. नात्याची ती आपली कुणीच नव्हती. तुझ्या उजव्या हाताला तिचं तरट, एवढंच काय ते नातं. दोघींचा मालही एकच. मेथी, पालक, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, आणि सांबार, ज्याला मी आता चारचौघांत कोथिंबीर म्हणते. एकच माल घेऊन दोन बाया शेजारी बसल्या की दिवसभर भांडण ऐकून घ्या, हे त्याच बाजारात मी चार ठिकाणी पाहत होते. तुमची मात्र एक रीत होती. एक उठून गेली की दुसरीनं तिचा माल आधी विकायचा, आपला मागून. गिऱ्हाईक तुझ्यासमोर उभं राहून मेथी मागायचं आणि तू हात लांब करून मावशीच्या ढिगातली जुडी उचलायचीस. तुझ्या ढिगाकडे कुणी बोट दाखवलं तर म्हणायचीस, "तेच घे बाई, आत्ताच पाणी मारलं हाय." ही रीत कुणी घालून दिली, कधी ठरली, मला माहीत नाही. तुम्हालाही नसेल. "जा तू, बसली हाय ना मी," एवढंच तुम्ही एकमेकींना म्हणायच्या आणि दुसरी मागे वळून न पाहता निघून जायची.

मी एकदा तुला विचारलं होतं की चतुर्थीला सगळ्या बाया देवळात जातात, तू का जात नाहीस. तू जुड्या बांधत होतीस, केळीच्या सोपटाचं टोक दातात धरलं होतंस. ते काढून म्हणालीस, "मले माल उघडा टाकून इथून उठता येते. अजून काय पाह्यजे देवानं द्याले?" मला तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. शिकणाऱ्या पोरीला आईची सगळीच उत्तरं उडवाउडवीची वाटतात.

तू चांगली होतीस, माय, पण कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष होतीस. मी बांधलेली जुडी तू सोडून पुन्हा बांधायचीस. दहावी पास झाल्याचं सांगायला धावत आले तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं. पाय धुऊन ये, पालकावर पाणी मार." मावशीनं मात्र सगळ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आरोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी पदरात गुंडाळून शाईचा पेन आणला. "लिहाले येते तुले, लिही. आमचं तर अंगठ्यात गेलं," असं म्हणाली. माझ्या वाट्याला आलेला सगळा धीर, सगळं कौतुक त्या शेजारच्या तरटावरून आलं. म्हणून त्या दिवशीचं लिहायला मी इतका वेळ लावला.

मी अकरावीत होते. तुला ताप भरला होता, उठवत नव्हतं, आणि पहिल्यांदाच तू मला एकटीला बाजारात पाठवलंस. थंडी होती, दोघींचे मेथीचे ढीग गच्च भरलेले. दुपार व्हायच्या आत मावशीला निरोप आला की तिची लेक बाळंतपणाला दवाखान्यात नेली आहे. ती उठली, साडी झटकली आणि मला म्हणाली, "पाहजो व बाई माह्याकडं." आणि तुझ्यासारखीच, मागे न पाहता गेली. मी पण म्हटलं, तुमच्यासारखंच, "जा तू मावशी, बसली हाय ना मी."

पहिली बाई आली, मेथी मागितली. माझा हात मावशीच्या ढिगाकडे गेला होता, हे मला नक्की आठवतं. मग तो मागे आला. मला रिकामी टोपली घरी न्यायची होती. तुझ्या खाटेजवळ ती पालथी करून दाखवायची होती आणि एकदा, फक्त एकदा, तू मला शाब्बास म्हणावंस असं वाटत होतं. मी आपली जुडी दिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला आपली दिली. तिसऱ्यानंतर तर हात मागे घ्यावाच लागला नाही. डब्यातलं पाणी मी आपल्याच मेथीवर मारलं. ऊन सरकून मावशीच्या तरटावर आलं, तेव्हा तिचं फडकं ओलं करायला फक्त उठायचं होतं. मी उठले नाही.

उन्हं कलताना ती आली. हातात कागदाची पुडी होती. लांबूनच बोलत आली, "नात झाली व! काळी हाय, पण नाकीडोळी नीटस हाय." बोलता बोलता तिची नजर आधी माझ्या रिकाम्या टोपलीवर गेली, मग तिच्या स्वतःच्या ढिगावर. मेथीनं माना टाकल्या होत्या, कडेच्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तिनंच म्हटलं, "गिऱ्हाईक नसन आलं." आणि मी मान हलवली. तिनं पुडी सोडून चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

घरी तू टोपली पाहिलीस आणि तापातही उठून बसलीस. "वा व माही वाघीण!" म्हणालीस. तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडलीस. मग विचारलंस, "तिचं खपलं का सारं?" मी म्हटलं, "खपलं." तुझी ती शाबासकी अजून माझ्यापाशी आहे. तू दिलेली तेवढी एकच.

मावशीनं तुला काहीच सांगितलं नाही. पण त्यानंतर उठायची वेळ आली की ती आपल्या ढिगावर ओलं फडकं पसरायची आणि त्यावर एक दगड ठेवून जायची. नदीतला गुळगुळीत, हातात मावेल एवढा दगड. त्याचा अर्थ ओळीतल्या प्रत्येकीला कळत होता. माल झाकला आहे, विकायचा नाही. तू उठून गेलीस तर तुझा माल मात्र ती आधीसारखाच विकायची, आधी तुझा, मग तिचा. भाकरी तुम्ही एकत्रच खायच्या, मिरचीचा भुरका एकमेकींच्या भाकरीवर वाढायच्या, हसायच्याही. पण तो दगड दिसला की तुझा घास हातातच राहायचा. एकदा घरी येताना तू मला म्हणालीस, "माह्या बाजूले बसून दगड ठेवून जाते. मी का मेली हाय? तुले काई बोलली का व ते?" मी म्हटलं, "नाही." संक्रांतीला तू तिला लुगडं नेलंस. तिनं घेतलं, नेसलं, आणि त्याच दिवशी नातीला घेऊन दवाखान्यात जाताना फडक्यावर दगड ठेवून गेली. तू तिला विचारलं कधीच नाहीस. तुम्ही दोघी असल्या मानी, की अशा गोष्टी विचारायच्या नसतात असं तुम्हाला वाटायचं. पंधरा वर्षं तो दगड तुमच्या दोघींच्या मध्ये होता, आणि तो तिथं कुणी आणून ठेवला हे फक्त मला माहीत होतं.

मग तू आजारी पडलीस आणि मी तुला माझ्याकडे अकोल्याला आणलं. त्या शेवटच्या दिवसांत तिकडे बाजारात मावशी रोज तुझं तरट अंथरायची. बाबा मळ्यातून माल पाठवायचे आणि ती आधी तुझा विकायची. हे मी तुला सांगितलं. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलेलं. तू विचारलंस, "मंग ते दगड काहून ठेवे व? माहं काय चुकलं? तुले ठाऊक असन तर सांग." खोलीत आपण दोघीच होतो. एका वाक्याचं काम होतं. मी तुझी चादर नीट केली आणि म्हटलं, "उन्हानं भाजी सुकू नये म्हणून ठेवत असेल, माय." तू म्हणालीस, "हो. असन." आणि भिंतीकडे कूस वळवलीस. त्या कुशीवर तू पुन्हा काही विचारलं नाहीस, आणि चौथ्या दिवशी गेलीस.

मी एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. बाजूच्या खिडकीवरची मुलगी मनानं फार चांगली आहे. "मॅडम, तुम्ही पाणी पिऊन या, तुमची रांग मी पाहते ना," असं ती रोज म्हणते. मी नको म्हणते आणि "खिडकी बंद" ची पाटी लावून उठते. रांगेतली माणसं कुरकुरतात. ऑफिसात सगळ्यांना वाटतं की बाईंचा कुणावर भरवसा नाही, खडूस आहेत. तसं नाही. शेजारी बसलेलं माणूस काय करू शकतं ते मला ठाऊक आहे, कारण ते माणूस मी होते.

तर परवा. मावशीला आता कमी दिसतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तो दगड अजून आहे, माय. नात त्यानं मिरच्यांच्या पिशवीचं तोंड दाबते. मी तो उचलून हातात घेतला. म्हटलं, आज बोलायचं. तेवढ्यात मावशीच बोलली. "तुही माय सोन्यासारखी होती व. एकच डाव तिनं तुले आपलं आधी विकाले लावलं. ज्या दिवशी माही नात झाली, त्या दिवशी. ताप होता तिले, घरात काई नड असन. लेकरू काय करन, मायनं सांगतलं ते करन." मी म्हटलं, "मावशी..." ती म्हणाली, "मी कधी इचारलं नाई. नड असली का माणसाची नियत हालते, त्यात काय! पण पुन्हा तिले तसं कराची पाळी नको याले, म्हणून मी झाकून जात होती. माही भाजी उघडी राह्यली असती तं तिच्या जिवाले घोर. मी तं तिले तवाच माफ केलं."

म्हणजे तू पंधरा वर्षं ज्याला तिचा राग समजत होतीस, ती तिची माया होती. तुझं काय चुकलं असं तू विचारत होतीस, आणि तिकडे तिनं तुला, तू न केलेल्या गोष्टीसाठी, कधीच माफ करून टाकलं होतं. आता तरी मी म्हणायला हवं होतं की मावशी, मायनं नाही, मी केलं ते. तिचे हात माझ्या हातांवर होते, दगड माझ्या मांडीवर. बाजूला एक बाई येऊन उभी राहिली होती, सांबार मागत होती. मावशी माझ्याकडे पाहत म्हणाली, "खरं हाय ना व?" आणि मी मान हलवली. त्या दिवशी हलवली होती तशीच.

अकोल्याला परत आल्यावर काल मी त्या बाजूच्या मुलीला म्हटलं, "जरा पाहतेस का माझी रांग?" पाटी न लावता उठले. पाणी पिऊन परत आले तर माझी रांग पुढे सरकली होती आणि तिच्या खिडकीसमोर माणसं तशीच उभी होती. ती माझेच केसपेपर करत बसली होती. मला रडू आलं, माय, आणि ते मी नाक शिंकरून दडवलं.

हे पत्र तुला मिळायचं नाही, आणि मिळालं असतं तरी तुला वाचता आलं नसतं. खरं तर हे मावशीला लिहायला हवं. तिलाही वाचता येत नाही, पण ती नात बारावी शिकली आहे, एका बैठकीत वाचून दाखवील. घर मला माहीत आहे, पत्ता तोंडपाठ आहे, टाकलं तर परवा पोचेल. म्हणूनच मी ते तुला लिहिलं.