आधी जुन्यांना खाऊ घाला

ता. ३ फेब्रुवारी १९३१, बडोदे

पोचले बाई एकदाची! साताऱ्याहून निघाल्यापासून अंग नुसतं आंबून गेलं होतं. अलकापुरीतला हा बंगला अगदी नव्या धर्तीचा आहे, बटण दाबलं की दिवा लागतो. स्टेशनवर थोरल्या जाऊबाई, प्रतिमावहिनी, स्वतः मोटार घेऊन आल्या होत्या. ‘आवो, आवो’ म्हणत त्यांनी मला जवळच घेतलं. इकडे खिडकीला ‘बारी’ म्हणतात. मी हसले, तर त्याही हसल्या. मामांनी लग्न लावून हात झटकले. आई गेल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती, ती आज वहिनींनी घातली. मला रडूच आलं.

सासूबाई आणि दोघी आत्याबाई माडीवर असतात. हवापाणी मानवेपर्यंत नव्या सुनेनं खाली, बागेकडच्या खोलीत राहायचं, अशी घरची रीत आहे म्हणे.

ता. ६

दिवाणखान्यात माशांसाठी काचेचा मोठा हौद आहे. वहिनींचे यजमान होते तेव्हा त्यांनी तो विलायतेहून आणवला होता. ह्यांनी मला लग्नाची भेट म्हणून दोन सोनेरी मासे आणले. मी लगेच हौदात ओतायला निघाले, तर वहिनींनी हात धरला. नवा मासा असा एकदम सोडायचा नसतो. आधी वेगळ्या बरणीत ठेवायचा आणि रोज हौदाचं थोडं पाणी त्यात घालायचं. सोडायच्या दिवशी हौदातले दगड हलवायचे, म्हणजे कुठला कोपरा कुणाचा ते जुने विसरतात. मग जुन्यांना पोटभर खाऊ घालायचं, दिवा मालवायचा आणि मगच सोडायचं. जुने उपाशी राहिले तर नव्याची धडगत नाही.

मी म्हटलं, म्हणजे मीही बरणीतलाच मासा की! वहिनी चहा बघायला उठून गेल्या.

एका जुन्या माशाच्या शेपटीच्या कुरतडून चिंध्या झाल्या आहेत. सगळ्यांत शेवटी आला तो हा.

ता. १४

आज मासे सोडले. सगळं रीतसर केलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेपटीच्या चिंध्या झालेला मासा कोपरा सोडून पहिल्यांदाच मोकळा फिरला; बाकीचे आता नव्यांच्या मागे असतात. वहिनी त्याच्याकडे किती वेळ बघत बसल्या होत्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मी हात धरला तर पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे व्रण, जुन्यांवर नवे. म्हणाल्या, उंदीर चावला.

माझ्या तांब्यात त्या रोज माडीवरच्या माठातलं पाणी घालतात. त्याला शेवाळाचा वास येतो.

ता. १८

जिन्याच्या कठड्याशी तिघी उभ्या होत्या, सासूबाई आणि आत्याबाई. मी वाकून नमस्कार केला. त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आवाज मात्र नाही. पापणी एकीचीही लवली नाही.

ह्यांना सांगितलं. हे बारीबाहेर बघत राहिले. म्हणाले, वहिनी सांगतील तसं वाग.

ता. २१, सकाळ

आज मला माडीवर न्यायचं आहे. पहाटेपासून वर कपाटं, पलंग सरकवताहेत. मला समजतंय. पण जुन्यांना आधी खाऊ घालायची रीत वहिनी चुकवणार नाहीत. त्यांचा जीव आहे माझ्यावर. आजही माझी वेणी त्यांनीच घातली.

चूल पेटलेली नाही. आज सगळ्यांचा उपास म्हणे. पंचांग पाहिलं. आज कसलाच उपास नाही.

दुपार

वहिनी कोठीघरात एकट्याच जेवत होत्या. ताट भरलेलं. मी विचारलं, वर काही दिलं का? त्यांनी घास गिळला.

“मी आले तेव्हाही घरात उपासच होता, सरोजिनी. इतकी वर्षं मी काढली. आता तू काढ.”

फाटकाकडे धावले. तिथे हे उभे होते. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागून वहिनी आल्या. दोघांनी हात धरून मला —

संध्याकाळ

वर आहे. दाराला बाहेरून कडी. दिवा आत्ताच गेला — बारीपाशी थोडा उजेड आहे तेवढ्यात —

कपाटामागे तोंडं. उघडतात, मिटतात. आता तिघी पलंगाच्या अलीकडे —

वहिनी दाराशीच आहेत, कमरेच्या किल्ल्या वाजताहेत. वहिनी, मी तुम्हाला आईच्या जागी — अजून वेळ आहे, त्यांना काहीतरी खायला —

किल्ल्या जिना उतरताहेत.

सकाळी तुम्हीच घातलेली वेणी कुणीतरी मागून हळूच —