बिनतेलाची बरणी

लातूर, २ जून २०२४

ती. चांगुणाताईस,
सा. न. वि. वि.

आपण परदेशी कामगारांच्या कचेरीत तक्रारीचा अर्ज दिला होता, त्यावर एजन्सीचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, मस्कतचं घरकाम तू राजीखुशीनं सोडलंस. म्हणून उरलेल्या कराराचा पगार नाही. तुझ्या नावापुढचा ‘सोडून गेली’ हा शेरा तसाच राहिला, तर दुसरी एजन्सीही तुला दारात उभी करणार नाही.

तू सांगितलंस, मॅडमनं काढलं. मी अर्जात तसंच लिहिलं. पण बहीण म्हणते म्हणून खरं, एवढ्यावर लिहून मोकळी झाले की काय, असं मला वाटत राहिलंय. रागावू नकोस, शेवटच्या दोन दिवसांत काय घडलं ते सगळं लिही. फोनवर नको. फोनवर तू लगेच भाचीच्या लग्नावर येतेस.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी, अंजू

नांदेड, ७ जून

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू ताटात खडे शोधायचीस, आता बहिणीत शोधून राहिलीस! लिहिते.

आदल्या दिवशी मॅडमसाठी कैरीचं लोणचं घातलं. तिला लई आवडतं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. तेल रात्री कढवून ठेवलं. गार झालं की सकाळी वरून ओतायचं होतं. मॅडम सकाळी कामावर गेली अन् एजन्सीचा माणूस गाडी घेऊन दारात. म्हणाला, दुसऱ्या मोठ्या घरी चल. मी न्हाई म्हणाले. तर म्हणे, या मॅडमनंच तुला काढलंय. तसंच विमानात बसवलं. मॅडम तोंड दाखवायला बी आली न्हाई.

आता तिचे आवाजी निरोप येतात. मी ऐकत न्हाई. ऐकले तर रडू येईल, अन् त्या बाईसाठी मी रडणार न्हाई.

गुडघा कुरकुरतो, बाकी खुशाल. माया असू दे.
चांगुणा

लातूर, ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते निरोप आधी ऐक! लोणच्यावर तेल न ओतता घर सोडणारी बाई मला तरी माहीत नाही. अर्थात हे माझं वाटणं झालं, पुरावा नव्हे. मॅडमलाही कुणी काही वेगळंच सांगितलं असेल का? निरोप कामाचे निघाले, तर कचेरीत ऐकवण्याआधी तिला विचार. तिचं खासगी बोलणं आहे.

घाई केल्याबद्दल माफी, आणि माया तशीच ठेव.
अंजू

नांदेड, २८ जून

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद.

ऐकले. रडले. मॅडम तोडक्या हिंदीत विचारून राहिली, न सांगता का गेलीस, माझं काय चुकलं, अन् या बरणीचं काय करू. मीच घरी जाते म्हणाले, असं एजन्सीनं तिला सांगितलं होतं! तुझ्या सांगण्यावरून परवानगी मागितली. ती म्हणाली, कुणालाही ऐकव, पण लोणच्याचं आधी सांग.

काल सुनावणी झाली. निरोप ऐकून एजंट म्हणाला, लोणच्याचा नि कराराचा काय संबंध. सुनावणी घेणाऱ्या साहेबबाईंनी त्याला विचारलं, घरी लोणचं कोण घालतं. आई, म्हणाला. मग बाई म्हणाल्या, लावा फोन आईला. विचारा, तेल न ओतता कोणी बाई घर सोडते का. त्यानं फोन काही लावला न्हाई.

शेरा पुसायचा, अन् उरलेला करार एजन्सीनं त्याच घरी पुरा करून द्यायचा, असं ठरलं.

मॅडमनं बरणी फ्रिजात ठेवलीय, कुणाला हात लावू देत न्हाई. तवा लातूरच्या घाण्याचं करडईचं तेल पाठव, जाताना संगं नेते. झाकण दहादा तपासशीलच, ते सांगायला नको.

तुझ्या खडे शोधण्यावर जीव असलेली,
चांगुणा