शेवटच्या प्रार्थनेतले हात

कोल्हापूर, मार्च २००१

अप्पा,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. पोरगी कॉमर्सची मास्तरीण झालीच, असं तुम्ही कुरुंदवाडभर सांगत सुटलाय. इथं त्या जागेची जाहिरातच निघत नाही.

मिशनच्या बी.एड. कॉलेजात एक विद्या मात्र पक्की झाली. पाठाला परीक्षक बसले की पोरांना आधीच सांगून ठेवायचं, उत्तर येत असलं तर उजवा हात वर करा, नसलं तर डावा. आपण उजव्यालाच विचारायचं. सगळा वर्ग हुशार दिसतो.

आज शेवटच्या प्रार्थनेनंतर प्राचार्य म्हणाले, "नोकरी लागंल असा विश्वास ज्यांना हाय, त्यांनी हात वर करा की!"

आम्ही कॉमर्सवाल्या सगळ्यांनी केले. प्राचार्यांचे डोळे भरून आले.

सगळे हात डावे होते, अप्पा. माझाही.

तुमची,
गिरिजा